सेनापतीचीं घरगुती पत्रें

जुन्या दप्तरांतील ज्या पत्रास राजकारणाचा गंध नाहीं, तें निरुपयोगी समजून बाजूस टाकण्याची चाल आम्हां संग्राहकांत पुष्कळ आहे. ही चाल घातक कशी, हें दाखविण्यास आम्ही इंग्लंडच्या इतिहासांतील एक उदाहरण घेतों.

ॲडमिरल कथबर्ट कॉलिंगवुड इ. स. १८०३ त घरून आरमारावर गेला, तो परत आलाच नाहीं. १८०५ त ट्रफाल्गारच्या लढाईंत नेल्सन पडल्यावर आरमाराचें आधिपत्य त्याजकडे आलें. पुढें भूमध्यसमुद्राचा बंदोबस्त राखीत असतां ७ मार्च १८१० रोजीं तो जहाजावरच वारला. सारा व मेरी या आपल्या दोन मुलींचें संगोपन या अवधींत त्यास लेखणीनेंच करावें लागलें. मुलींस भूमिति शिकवावी, कारण खरें कोणतें व खऱ्यासारखें भासणारें कोणतें हा विवेक तिच्या योगें येतो, असें तो १८०६ त पत्नीस कळवितो. मुलीस तो बजावतो कीं, पत्र म्हणजे लिहिणाराच्या बुद्धीचें चित्र होय. यास्तव तें फार काळजीनें लिहावें.

ट्रफाल्गारचा वृत्तांत त्याच्या सरकारी खलित्यांवरून कळतो. पण त्या जयाचें मोल एका घरानें काय दिलें, तें या पत्रांवांचून कळलें नसतें. साराच्या पतीनें १८२८ त सरकारी व खासगी पत्रें निवडून एकत्र छापिलीं, म्हणून तीं आज आपणांस वाचावयास मिळतात. आमची विनंती इतकीच कीं, रुमाल सोडतांना मुलांच्या नांवचा एखादा कागद आढळल्यास तो रद्दींत टाकूं नये.