एक उच्चार, दोन घराणी

बीड हे नाव रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहिलं गेलं हे पाहिलं, तर इंग्रजीतल्या फसव्या शब्दजोड्या कशा जन्माला येतात ते एका गावातच कळतं. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये हे नाव बी-एच-आय-आर असं आहे, म्हणजे ‘भीर’. महाराष्ट्र शासनाने १९६९ साली जिल्ह्याचं गॅझेटिअर छापलं, तेव्हाही हेच स्पेलिंग राहिलं. २०११ च्या जनगणनेत ते बी-आय-डी झालं. लोकसभा मतदारसंघाला मात्र बी-डबल ई-डी, आणि आज लोकही तसंच लिहितात.

शेवटी ‘आर’ आला तो उर्दूतून. निजामाच्या राज्यात दफ्तर उर्दूत चाले आणि उर्दूत गावाचं नाव ‘बीड़’ असं लिहीत. त्यातला ‘ड़’ काढताना ‘रे’ या अक्षरावरच एक छोटी खूण करतात. रोमन लिपीत जाताना त्याचा ‘आर’ झाला. गाव तेच, बोलणारी माणसं तीच, पण मधल्या लिपीने नावाचा चेहरा बदलला. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो आहे. इंग्रजीतले सारखे वाटणारे शब्द आपण चुकवतो तेव्हा ‘पोरांचं लक्ष नाही’ एवढंच म्हणून सगळे मोकळे होतात. चूक बऱ्याचदा लिपीची आणि कानाची असते, आणि तिला चांगला जुना इतिहास असतो.

जनगणनेतल्या बी-आय-डीचंच घ्या. इंग्रजीत या तीन अक्षरांचा अर्थ लिलावातली बोली. उच्चार आखूड, ‘बिड’. त्याच्या शेजारी बी-ई-ए-डी, उच्चार लांब, अर्थ मणी. विद्यार्थ्याला हे दोन शब्द एकमेकांशी काही नातं नसलेले वाटतात, पण मूळ एकच आहे. जुन्या इंग्रजीत मागणं मागणे, प्रार्थना करणे यासाठी जे क्रियापद होतं, त्याचीच ही पिलावळ. मणी हा अर्थ जपमाळेमुळे आला: लोक प्रार्थना मोजत मणी ओढत, आणि प्रार्थनेचं नाव मण्याला चिकटलं. बोलीच्या शब्दात ‘देऊ करणे’ या अर्थाचं आणखी एक जुनं क्रियापद मिसळलं. प्रार्थनेची एक वाट माळेपर्यंत गेली आणि दुसरी थेट बाजारात.

मराठी कानाला या दोन उच्चारांतला फरक का पकडता येत नाही, याचं उत्तर आपल्याच शुद्धलेखनात आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायला सांगितलं आहे. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा ऱ्हस्व. म्हणजे मराठीत वेलांटी पहिली की दुसरी हे बहुतेक शब्दांत जागेवरून ठरतं, अर्थावरून नाही. दिन आणि दीन, सुत आणि सूत अशा संस्कृतातून आलेल्या मोजक्या जोड्या सोडल्या, तर वेलांटी किंवा उकार बदलल्याने आपल्याकडे शब्द बदलत नाही. मग हाच कान घेऊन मुलगा इंग्रजीच्या तासाला बसतो. तिथे शिप म्हणजे जहाज आणि शीप म्हणजे मेंढी; फुल म्हणजे भरलेलं आणि फूल म्हणजे मूर्ख. रजेच्या अर्जात तो ‘आय वॉन्ट लीव्ह’ लिहायचं तिथे एल-आय-व्ही-ई लिहितो आणि रजेऐवजी जगणं मागून बसतो. त्याच्या तोंडात दोन्ही शब्द सारखेच आहेत. एल-ई-ए-व्ही-ई हे स्पेलिंग त्याच्याकडून शंभरदा लिहून घेण्याआधी दोन्ही शब्द मोठ्याने, स्वर ताणून आणि तोडून म्हणून घेतले पाहिजेत. ते फारसं कुठे होत नाही.

बीडच्या इंग्रजीला आणखी एक पदर आहे, तो पुण्या-मुंबईच्या इंग्रजीला नाही. ब्रिटिश मुलखात मराठी मुलं इंग्रजी शिकली ती मराठीच्या आधाराने. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली आला, पुढे द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघर पोचली. वाक्य मराठीत, खाली इंग्रजीत. दोन्ही भाषा समोरासमोर बसवून शिकवण्याची ती रीत होती. बीडचा मुलगा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत संस्थानाची राजभाषा फारसीची उर्दू झाली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणाचं माध्यमही उर्दूच होतं, इंग्रजी सक्तीचा विषय. घरात मराठी, शाळेत उर्दू, आणि इंग्रजी त्याहीपलीकडे. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला आणि औरंगाबादला विद्यापीठ झालं ते १९५८ मध्ये. मराठीचा हात धरून इंग्रजी शिकायला या भागाला शंभर वर्षं उशीर झाला. बीडच्या मुलांच्या इंग्रजीवर बोलणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब आधी मांडायला हवा.

उर्दूतून इंग्रजी शब्द आला की काय होतं, याचा नमुना आजही रोज कानावर पडतो. पीकविम्याचं असो की परीक्षेचं, भरायचं ते ‘फारम’. उर्दू लिपीत अर्जाचा फॉर्म आणि शेताचा फार्म हे दोन्ही शब्द एकाच अक्षरांनी लिहितात: फे, अलिफ, रे, मीम. वाचणाराने संदर्भावरून ओळखायचं. ‘फारम’ सातारा-सोलापूरकडेही म्हणतात, तेव्हा सगळं श्रेय उर्दूला देता येणार नाही. पण जिथे तीन-चार पिढ्यांनी हा शब्द उर्दूतच वाचला, तिथे दोन्हींचा उच्चार एक व्हावा हे सरळच आहे.

आणि या जोडीची कुळकथा तर थेट निजामाच्या महसुलापर्यंत येते. फॉर्म हा लॅटिनमधला आकार, साचा. फार्मचा मूळ अर्थ मात्र शेत नाही. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘फिर्मा’ म्हणजे ठरवून दिलेली रक्कम, खंड. त्यावरून फार्म म्हणजे मक्ता, मग मक्त्याने दिलेली जमीन, आणि शेवटी नुसतं शेत. म्हणून हैदराबाद संस्थानाच्या इंग्रजी इतिहासात ‘रेव्हेन्यू फार्मिंग’ असा शब्द भेटतो, तेव्हा तिथे नांगर-पाभर नसते. महसूल वसुलीचा इजारा असतो. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाने मोडून काढली ती हीच पद्धत. पुढे १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी करून, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी करून, त्याने पगारी अधिकारी नेमले. इथे ‘महसुली शेती’ असं भाषांतर करणाऱ्याला इतिहासच उलटा कळतो. शब्दाचा जुना अर्थ माहीत असणं ही हौस नव्हे, कागद वाचायची ती गरज आहे.

देवनागरीने काही फरक सांभाळले आणि काही पुसले. पेन आणि पॅन, स्नेक आणि स्नॅक यांच्यासाठी आपण चंद्र आणला. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत बसवलं. तरी बोलताना पॅन कार्डाचं ‘पेन कार्ड’ होतं, आणि फराळाच्या गाड्यावर इंग्रजीत स्नॅक्स लिहायचं तिथे ‘सी’ गळून ‘ई’ घुसतो आणि साप येतात. व्हेस्ट आणि वेस्ट, व्हाइन आणि वाइन यांच्यासाठी आपण ‘व्ह’ काढला, पण तो कागदावरच राहिला.

याच्या उलट, रोमन लिपीतला एक प्रसिद्ध घोळ देवनागरीत उरतच नाही. बीडच्या सुभाष रोडला वह्या-पेनांच्या दुकानावर ‘स्टेशनरी’ असं मराठीत लिहिलं की विषय संपला. इंग्रजीत लिहायला गेलं की प्रश्न येतो: शेवटी ई-आर-वाय की ए-आर-वाय? पहिलं लेखनसाहित्य, दुसरं म्हणजे एका जागी स्थिर. हेही मुळात सख्खे. मध्ययुगात युरोपातल्या विद्यापीठांच्या आसपास एका जागी दुकान थाटून पुस्तकं विकणाऱ्याला लॅटिनमध्ये ‘स्टेशनेरियस’ म्हणत, कारण बाकीचे विक्रेते फिरते असत. त्याचा इंग्रजीत स्टेशनर झाला. लंडनच्या स्टेशनरांच्या मंडळाला १५५७ साली राजाज्ञेने सनद मिळाली. त्या स्टेशनरच्या दुकानातला माल तो स्टेशनरी. हे एकदा कळलं की ‘ई’ विसरत नाही: स्टेशनरमध्ये ‘ई’ आहे, म्हणून त्याच्या मालातही आहे.

इंग्रजांना स्वतःला या जोड्यांनी कमी छळलेलं नाही. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली, आणि त्याच शतकांत स्वरांचे उच्चार मात्र मुळापासून बदलले. लिहिणं एका काळाचं, बोलणं दुसऱ्या काळाचं. त्यात विद्वानांनी लॅटिनशी नातं दाखवायला ‘डेट’ या कर्जाच्या शब्दात न उच्चारायचा ‘बी’ घातला. मग शिकवण्यासाठी याद्या आल्या. थॉमस डिलवर्थच्या १७४० च्या बालबोध पुस्तकात सारख्या उच्चाराच्या, वेगळ्या अर्थाच्या शब्दांचा तक्ताच होता. १७७० मध्ये रॉबर्ट बेकरने वापरातल्या चुकांवर पुस्तक लिहिलं. मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘लेस’ नको, ‘फ्यूअर’ हवं, हा आग्रह त्याच्यापासूनचा. फाउलरचा इंग्रजीच्या वापरावरचा जाडजूड कोश आला १९२६ मध्ये. आणि आपल्या शाळांत ज्याचं नाव व्याकरणाचंच दुसरं नाव झालं त्या रेन-मार्टिनमधला रेन मुंबई इलाख्याच्याच शिक्षणखात्यात नोकरीला होता, कराचीत मुख्याध्यापक. म्हणजे आपण पाठ करतो ती यादी इंग्रज मुलांच्या चुकांतूनच तयार झाली आहे. लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. जिथे आपल्याकडे त्या वस्तूला धड मराठी शब्द आहे, तिथे घोळ होत नाही. बी-ए-आय-एल म्हणजे कोर्टातला जामीन, बी-ए-एल-ई म्हणजे कापसाची गाठ. देवनागरीत दोन्ही ‘बेल’. पण गेवराई-माजलगावच्या जिनिंगवर कुणी बेल म्हणत नाही, गाठीच म्हणतात. आणि कोर्टात जामीनच होतो. दोन शब्द कायमचे दोन वाटांना लागलेले. प्रिन्सिपलचं तसंच. शेवटी पी-एल-ई असेल तर तत्त्व. पी-ए-एल असेल तर प्राचार्य, शिवाय बँकेच्या कागदावर मुद्दल. पीककर्जाच्या उताऱ्यावर हा शब्द दिसला की तिथे प्राचार्यांचा संबंध नाही, तत्त्वाचाही नाही. व्याज वगळून जे फेडायचं ते. शेतकऱ्याच्या पोराला मुद्दल हा शब्द पाळण्यातून माहीत असतो. तोच त्या स्पेलिंगशेजारी लिहून दिला तर त्याला दुसरी युक्ती लागत नाही.

मराठीने घेतलेला शब्द मात्र कधी कधी फसवतो. नट ‘लूज’ झाला असं आपण म्हणतो. इंग्रजीत ढिल्याचा उच्चार ‘लूस’ आहे, एल-डबल ओ-एस-ई. शेवटी ‘झ’सारखा आवाज येतो तो एल-ओ-एस-ईला, म्हणजे गमावणे, हरणे. आपल्या तोंडात ढिल्याला गमावण्याचा उच्चार बसला आहे, म्हणून इथे कानावर विसंबून चालत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांना भेटणारा कारखान्याचा चिटबॉय हा याहून लांबचा प्रवासी. उसाची नोंद करून चिठ्ठी देणारा तो. इंग्रजीतला चिट हा शब्द आपल्याच चिठ्ठीवरून तिकडे गेला आणि ‘बॉय’ला घेऊन परत आला. इंग्रजीत स्वर ताणून लिहिला तर त्याचा फसवणारा पोऱ्या होतो, आणि उसाची नोंद ठेवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा फरक सांभाळलेला बरा.

अफेक्ट आणि इफेक्टवर फार लिहायला नको. पहिलं बहुधा क्रियापद, दुसरं बहुधा नाम: दुष्काळ पिकांना अफेक्ट करतो, पिकांवर दुष्काळाचा इफेक्ट दिसतो. ‘इफेक्ट’ क्रियापद म्हणून आलं तर अर्थ घडवून आणणे. अ‍ॅडव्हाइसमध्ये ‘सी’ असेल तर सल्ला, ‘एस’ असेल तर सल्ला देणे. शेवटचा आवाजही तसाच बदलतो. वैद्यकी किंवा वकिलीची प्रॅक्टिसही ब्रिटिश रीतीत ‘सी’ने नाम आणि ‘एस’ने क्रियापद, उच्चार मात्र एकच.

२००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बीडच्या वाडी-तांड्यावरच्या मुलालाही या जोड्या आता लवकर भेटतात, आणि सहा महिने आई-बाप उसाच्या फडात असलेल्या मुलाला त्या घरी कुणी समजावून सांगणार नसतं. त्याच्याकडे शाळेचाच तास आहे. म्हणून शिक्षकांना विनंती आहे: फळ्यावर नुसत्या जोड्या लिहून पाठ करायला देऊ नका. प्रत्येक शब्द एका वाक्यात लिहा, वाक्य मुलांच्या माहितीतलं असू द्या, आणि शेजारी मराठी शब्द लिहा. जामीन, गाठ, मुद्दल, रजा. मग दोन्ही शब्द वर्गाकडून मोठ्याने म्हणून घ्या.