नळी पोखरलेली बंदूक

१८३९ साली भाऊ खरे, चिमणाजी जाधव आणि नाना दरबारे यांच्यामागे जमलेल्या कोळ्यांनी घोडेगावची कचेरी वेढली. हल्ला रात्रभर चालला. खजिना कसाबसा वाचला. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात सरकारला पेच पडावा तो असा: पहारेकऱ्याच्या हाती बंदूक तर हवी, पण तीच उद्या बंडवाल्याच्या खांद्यावर दिसली तर?

१८५७ने त्यात भर घातली. पहारेकरीच उलटला तर? उत्तर कारखान्यातून आलं. एनफील्ड रायफलीच्या नळीत तीन आटे असत. त्यांतून गोळी गरगरत सुटे, म्हणून नेम लांबवर टिके. १८५८ मध्ये देशी शिपायांसाठी हे आटेच कातून काढले आणि .५७७ इंचांची नळी .६५६ केली. पण नळी इतकी पातळ झाली की पुढच्याच वर्षी जाड नळीचा वेगळा नमुना काढावा लागला. नेम चुकावा म्हणून एवढी मेहनत!

पुढे .३०३ ली-एनफील्डचीही तीच गत झाली. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात तिची नळी .४१०पर्यंत पोखरली आणि दहा गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये लाकडाचा ठोकळा ठोकला. काडतूस .३०३चंच, फक्त गळा न आवळलेलं. एक बार काढायचा, बोल्ट ओढायचा, हाताने दुसरं घालायचं. हीच पोलिसांची मस्केट.

अशी मस्केट पुन्हा रायफल करायचा नाद अमेरिकेतल्या संग्राहकांना आहे. ठोकळा निघतो, मॅगझिन मिळतं, बोल्टवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळला तर नशीबच. घोडं अडतं ते नळीपाशी. कातून गेलेलं लोखंड परत येत नाही. आटे शाबूत असलेली दुसरी नळी चढवावी लागते. मग तिला ‘मूळची’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मला तर तो ठोकळाच राहू द्यावासा वाटतो.

आपल्याकडे या नादाचा प्रश्न कायद्यानेच मिटवला. १९६२च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात .३०३ची बोल्ट-अॅक्शन रायफल निषिद्ध वर्गात टाकली होती. आणि तिच्याच पंगतीला .४१०ची मस्केट.