थांबलेल्या शिक्षणाची वाट : दुर्गाबाई आणि मद्रास

दुर्गाबाई देशमुख या नावाची मराठी वाचकाला असलेली ओळख बहुधा चिंतामणरावांच्या पत्नी एवढीच असते. १९५३ साली हा विवाह झाला तेव्हा चिंतामणराव केंद्रीय अर्थमंत्री होते हे सर्वांना आठवते. दुर्गाबाई नियोजन आयोगाच्या सदस्य होत्या, त्याआधी संविधान सभेत बसल्या होत्या, हे सहसा आठवत नाही. त्यांच्या कार्याचा उगमही दिल्लीत नव्हे, मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत आहे.

१९०९ साली राजमहेंद्रीत जन्मलेल्या दुर्गाबाईंचे लग्न आठव्या वर्षी लावून देण्यात आले. जाणत्या वयात त्यांनी ते नाते नाकारले. पुढे मिठाच्या सत्याग्रहापासून तुरुंगवास सुरू झाला. तुरुंगात त्यांना अशा बायका भेटल्या, की ज्यांना आपल्यावरील आरोपाचा अर्थही नीट कळलेला नव्हता. कायदा शिकण्याचा निश्चय तेथला. पण कायद्याच्या वाटेवर आधी मॅट्रिक होते! विशी उलटल्यावर त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठाची ती परीक्षा दिली, आंध्र विद्यापीठातून राज्यशास्त्राचा अभ्यास केला आणि १९४२ साली मद्रास विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन त्या शहरात वकिली सुरू केली.

या प्रवासातच १९३७ साली मद्रासमध्ये ‘आंध्र महिला सभा’ उभी राहिली. तिचे आरंभीचे काम अगदी साधे होते : तेलुगू मुलींना बनारसच्या मॅट्रिकसाठी तयार करणे. ज्या वाटेने आपण गेलो, तीच दुर्गाबाईंनी इतरांसाठी रुंद केली.

मद्रासला ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. बालविधवा असलेल्या भगिनी सुब्बलक्ष्मी १९११ साली पदवीधर झाल्या आणि समुद्रकाठच्या ‘आइस हाउस’मध्ये त्यांनी विधवांचे वसतिगृह चालविले. एके काळी अमेरिकेहून आलेला बर्फ साठविण्यासाठी बांधलेली ती इमारत. तेथून विधवा शिक्षिका बनून बाहेर पडू लागल्या. महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे शारदा सदन आणि कर्व्यांचे हिंगण्याचे आश्रम यांनी हेच काम त्याआधी केले होते. मूल पदरी असताना वैधव्य आलेल्या पार्वतीबाई आठवले मोठेपणी अक्षरे गिरवून हिंगण्यासाठी निधी गोळा करीत १९१८ साली अमेरिकेपर्यंत गेल्या. मात्र या संस्थांचा केंद्रबिंदू विधवा होती. दुर्गाबाईंनी तो बदलला. परित्यक्ता, गरीब घरातील विवाहिता, लवकर शाळा सुटलेली कुमारिका, या सर्वांना एकच गोष्ट जोडत होती : शिक्षण मध्येच तुटले होते. दुःखाच्या प्रकारापेक्षा तुटण्याच्या जागेकडे पाहणे, हा दृष्टीतील फरक लहान नाही.

१९५३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. ग्रामसेविका, परिचारिका, शिक्षिका हव्या होत्या. पण किमान पात्रता असलेल्या स्त्रिया मिळत नव्हत्या. या अडचणीतून १९५८ साली प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रमांची योजना आली. अनेक वर्षांचा शालेय अभ्यास सुमारे दोन वर्षांत पुरा करून परीक्षेस बसवायचे, संस्थांनी वर्ग चालवायचे आणि मंडळाने अनुदान द्यायचे, असे तिचे स्वरूप. मद्रासमधील त्या शिकवणीचे हे राष्ट्रीय रूप म्हणावे लागेल.

या योजनेची मर्यादाही नोंदवायला हवी. दुर्गाबाई स्वतः वकील झाल्या, संविधानाच्या चर्चेत बोलल्या. पण योजनेने स्त्रीसमोर ठेवलेले व्यवसाय मुख्यतः सेवेचे होते. शिकवणे, शुश्रूषा, बालसंगोपन. घरात बिनमोल केलेल्या कामाला पगार व प्रमाणपत्र मिळाले, कामाचा प्रकार मात्र फारसा बदलला नाही. तरीही ज्या घरात बाईच्या हाती स्वतःचा पैसा कधी आला नव्हता, तेथे पहिल्या पगाराचे मोल या आक्षेपाने कमी होत नाही.

दुर्गाबाईंनी इंग्रजीत लिहिलेल्या आठवणींचे नाव ‘चिंतामण अँड आय’. शीर्षकात पतीचे नाव आधी येते. त्यांच्या आयुष्यात मात्र चिंतामणराव आले, तेव्हा मद्रासमधील ती सभा पंधरा वर्षांची झाली होती.