हँडब्रेक आणि क्लीनरचा दगड

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मानकोली–अंजूर फाटा रस्त्यावर दापोडे गाव लागतं. भिवंडी तालुक्यातलं हे गाव आता गोदामांसाठी ओळखलं जातं. मुंबईच्या जकातनाक्याच्या अलीकडे माल उतरवून ठेवायला सोयीची जागा म्हणून या पट्ट्यात गोदामं वाढली. जकात २०१७ मध्ये गेली, गोदामं मात्र राहिली. पूर्वीची भातखाचरं कुठे कुठे अजून शिल्लक आहेत. अशाच एका खाचराचे मालक माझ्या परिचयाचे आहेत. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची जीप आहे. पावसाळ्यात रविवारी मित्रमंडळी घेऊन ते ती शहापूर–वाड्याच्या बाजूला रानात नेतात. चिखल, ओढे, दगडगोटे, जे समोर येईल ते.

या जीपचा हँडब्रेक कित्येक वर्षं लागत नाही. मी एकदा त्यांना तसं म्हटलं, तर ते हसले. म्हणाले, "घाटातल्या ट्रकला हँडब्रेक पाहिजे, कबूल. आमचं गाव सपाट आणि गाडी चिखलात जाणारी. उभी करायची तर गिअरमध्ये टाकतो आणि चाकाखाली दगड ठेवतो. तो दांडा ओढायला आहेच कोण?"

त्यांचं बोलणं अगदीच टाकाऊ नव्हतं. गिअर आणि दगड या दोन गोष्टींवर आपल्याकडे हजारो गाड्या वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या आहेत. पण हा प्रश्न मोटारीहून जुना आहे. तो जिथे सुरू झाला ती जागा दापोड्याहून फार लांब नाही.

कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारी जुनी वाट नाणेघाटातून जाते. सातवाहनांच्या काळापासूनची ही वाट दगडी पायऱ्यांची आहे. तिथून माल जायचा तो जनावरांच्या आणि माणसांच्या पाठीवरून. पुढेही कित्येक शतकं कोकण आणि देश यांच्यातला व्यापार वंजाऱ्यांच्या बैलांनी पाठीवरच वाहिला. पाठीवर गोणी असलेला बैल उतारावर थांबवला की थांबतो. त्याला ब्रेक लागत नाही.

हे बदललं चाक घाटात आल्यावर. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी खुला केला. त्या दिवसापासून भरलेली बैलगाडी घाट चढू-उतरू लागली आणि एक नवी अडचण उभी राहिली. चढावर बैलांनी ओढायचं हे ठीक, पण उतारावर गाडीच बैलांना मागून ढकलते. सगळं वजन जुवावरून त्यांच्या मानेवर येतं. मध्येच बैलांना दम खाऊ द्यायचा तर कुणीतरी खाली उतरून चाकाला दगड लावणं भाग. गाडीवान बैलांपाशी अडकलेला, म्हणजे दगड लावायला दुसरा माणूस हवा. हा दुसरा माणूस लक्षात ठेवा, तो पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

तीसेक वर्षांनी रेल्वे घाट चढली. बोरघाटातून १८६३ मध्ये आणि कसाऱ्याच्या थळघाटातून १८६५ मध्ये. बोरघाटातला चढ सदतिसास एक इतका, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. पायी चालणाऱ्याला तो जाणवणारही नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला तो भयंकर आहे. १८६९ मध्ये याच घाटात उतरणारी मेलगाडी ताब्याबाहेर गेली आणि तिला अपघात झाला. रेल्वेने यातून जो धडा घेतला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. उतारावर 'कॅच सायडिंग' ठेवली. म्हणजे मुख्य मार्गाला फुटून चढावर जाणारा एक आंधळा फाटा. सांधा एरवी या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं, मग तिला खालचा रस्ता मिळतो. थांबली नाही तर ती फाट्यावर चढून आपोआप दमते. चालता येणं हे इथे गृहीत धरलेलं आहे, थांबता येणं मात्र दर वेळी सिद्ध करावं लागतं.

मोटार आली तेव्हा हाताचा ब्रेक हा काही गाडी उभी करण्यापुरता नव्हता. सुरुवातीच्या अनेक गाड्यांत पायाचा ब्रेक गिअरबॉक्सच्या बाजूला चालायचा आणि मागच्या चाकांना धरणारा ब्रेक हाताच्या दांड्यावर असायचा. १९०८ च्या फोर्ड 'मॉडेल टी'ची रचना अशीच होती. पुढे चारही चाकांचे ब्रेक पायाखाली आले आणि हाताच्या दांड्याकडे राखणदारीचं काम उरलं. आपल्या घाटांत तेही काम बरेचदा त्याच्याकडे नसे, कारण तिथे क्लीनर होता.

क्लीनर हा तोच बैलगाडीमागचा दुसरा माणूस. जुन्या पिढीने हे दृश्य पाहिलेलं आहे. भरलेला ट्रक चढावर गुरगुरत येतो, दमतो, थांबतो. दार उघडतं आणि पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा दगड घेऊन मागच्या चाकाकडे धावतो. ट्रक एक वीत मागे सरकतो आणि दगडावर टेकतो. ड्रायव्हरला एक पाय क्लचवर हवा, एक अ‍ॅक्सिलरेटरवर आणि गाडी मागे येऊ नये म्हणून तिसरा ब्रेकवर. माणसाला पाय दोनच, म्हणून तर हाताचा ब्रेक. तो नसला की तिसरा पाय म्हणजे ते पोरगं. ट्रक निघाला की ते धावत्या गाडीत उडी मारून चढायचं. दगड तिथेच रस्त्यात राहायचा आणि रात्री मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला सापडायचा. या पोरांपैकी किती जणांची बोटं, पाय, जीव त्या चाकाखाली गेले, याची मोजदाद कुणी ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आता जीपकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलिस कंपनीने ही गाडी लाखांच्या घरात बनवली. भारतात १९४५ मध्ये लुधियान्याला 'महिंद्र अँड महंमद' नावाची कंपनी निघाली होती. भागीदारांपैकी मलिक गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इथे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. १९४७ मध्येच मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली होती. पुढे वनखातं, पाटबंधारे, पोलीस, सरपंच, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे जीप पोचली.

या युद्धकाळातल्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नव्हता, हे अनेकांना माहीत नसतं. ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, तिच्या मागे एक लहानसा ड्रम होता. दांडा ओढला की तो ड्रम आवळला जायचा आणि मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट जखडला जायचा. युक्ती चांगली होती. चाक एकदा फिरायला शाफ्ट जवळपास पाच वेळा फिरतो, त्यामुळे शाफ्ट धरायला पाचपट कमी जोर पुरतो. ड्रम उंचावर असल्याने चिखलपाण्यातून थोडा वाचतो. आणि मुख्य म्हणजे, पायाच्या ब्रेकचं तेल चारही चाकांना एकाच वाटेने जायचं. रानात एखाद्या फांदीने ती नळी फाटली तर चारही ब्रेक एकदम गेले. मग उरतो तो हाताचाच. चालत्या गाडीत तो जोराने ओढला तर शाफ्टला हिसका बसतो, म्हणून तो शेवटचा उपाय. पण शेवटचा का होईना, उपाय होता.

याच रचनेत त्याचं मरणही होतं. ट्रान्स्फर केसचं ऑइल सील झिजलं की तेल थेट त्या ड्रममध्ये झिरपतं. लायनर तेलात भिजले की दांडा कितीही ओढा, शाफ्ट धरत नाही. मालकाला वाटतं केबल सैल झाली. तो केबल आवळतो, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. मग एक दिवस तो नाद सोडतो आणि दगड शोधतो. दापोड्याच्या जीपचं हेच झालं होतं. दुरुस्ती करायची ती सीलची, आणि आवळत बसले केबल.

आता त्यांच्या दोन उपायांचं बघू. गिअरमध्ये गाडी उभी केली की तिला इंजिनातला हवेचा दाब धरून ठेवतो. डिझेल इंजिनात तो दाब जास्त, म्हणून तिथे विश्वास जास्त. पण हा दाब हळूहळू निसटतो. झिजलेल्या इंजिनात तर लवकरच. मग गाडी एक गचका देऊन पुढे सरकते, थांबते, पुन्हा गचका. जीपमध्ये आणखी एक सापळा आहे. ट्रान्स्फर केसचा वेगळा दांडा न्यूट्रलला राहिला असेल तर मुख्य गिअर कुठलाही टाका, इंजिन आणि चाकं यांचा संबंधच नसतो. साध्या मोटारीत ही चूक करायला जागाच नाही.

राहिला दगड. एक टन वजनाची गाडी पाचास एक उतारावर उभी असेल तर ती खाली ओढ घेते सुमारे दोनशे किलोच्या जोराने, म्हणजे क्विंटलची दोन पोती. डांबरावर, कातळावर दगड हा जोर पेलतो. ओल्या मुरुमावर दगडच गाडीबरोबर घसरतो आणि चिखलात तो रुततो व चाक त्याच्यावरून जातं. म्हणजे जिथे जाण्यासाठी ही गाडी घेतली, नेमक्या तिथे दगडाचा भरवसा कमी.

मी हे सगळं दापोड्याला त्यांच्या ओट्यावर बसून सांगत होतो. ते ऐकत होते. मग थोडं थांबून म्हणाले, "गेल्या पावसाळ्यात आमच्या पुतण्याच्या पायावरून चाक गेलं. फार नाही, दोन बोटं." इतका वेळ त्यांनी ते सांगितलं नव्हतं. मागचं चाक पंक्चर झालं होतं. उतार किरकोळ, गाडी गिअरमध्ये, पुढे दगड. जॅकने मागचं चाक उचललं आणि गाडी निघाली. पुतण्या दगडापाशी उभा होता.

याचं कारण डिफरन्शियल. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावं म्हणून ते असतं. एक चाक हवेत गेलं की शाफ्ट जखडलेला असला तरी हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं. म्हणजे प्रामाणिकपणे सांगायचं तर शाफ्टवरचा हँडब्रेक उत्तम स्थितीत असता तरी त्या दिवशी एकट्याने गाडी धरू शकला नसता. फोर व्हील ड्राइव्हचा दांडा टाकला असता तर पुढची दोन्ही चाकंही त्याच ड्रमला जोडली गेली असती, आणि गाडी राहिली असती. हँडब्रेक, फोर व्हील, पहिला गिअर, चाकाला ठोकळा. रानात हे चारही लागतात. एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

कायद्यात याची सोय आहे का? आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९६ वा नियम गाडीला एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन ब्रेक-यंत्रणा मागतो. १९८८ च्या कायद्याचं १२६ वं कलम सांगतं की चालक जागेवर नसताना सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी ठेवायची तर इंजिन बंद करून ब्रेक लावा, किंवा ती आपोआप हलणार नाही असा दुसरा उपाय करा. त्या 'दुसऱ्या उपायात' दगडही बसतो, बरं का! आमचे गृहस्थ हे ऐकून खूश झाले. पण दगड लावायची मुभा आहे म्हणून ब्रेक ठेवायची सक्ती सुटत नाही. खाचरापर्यंत जीप जाते ती रस्त्यावरूनच. फक्त बंदिस्त आवारात वापरायची खास वाहनं मात्र मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. गोदामात राबणारा फोर्कलिफ्ट त्यात येतो. आता गोदामाच्या रॅम्पवर माल घेऊन उभा असलेला फोर्कलिफ्ट पाहा, आणि कायद्याने वगळला म्हणून त्याचा ब्रेक वगळता येईल का, ते खाली उभ्या असलेल्या हमालाला विचारा.

ही चूक फक्त जुन्या गाड्यांची आणि साध्या माणसांची नाही. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूतल्या कठुआ स्थानकावर उभी असलेली त्रेपन्न डब्यांची मालगाडी चालकाशिवाय निघाली आणि उतारावरून सत्तर किलोमीटरच्या वर धावून पंजाबात थांबवली गेली. सुदैवाने कुणी दगावलं नाही. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला अँटन येल्चिन हा तरुण नट आपल्याच जीप ग्रँड चेरोकीखाली दगावला. ती त्याच्या घराच्या उतारावरून मागे आली आणि तो फाटकाच्या खांबात चिरडला गेला. त्या मॉडेलचा गिअरचा दांडा दर वेळी मधल्या जागी परत यायचा, त्यामुळे गाडी 'पार्क'मध्ये पडली की नाही हे नीट कळत नसे. कंपनीने त्याआधी दोन महिने अशा सुमारे अकरा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या.

एक गोष्ट जीपवाल्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. ज्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांच्या ड्रमवर चालतो, त्या पाण्यातून आल्यावर तसाच ओढून रात्रभर ठेवला तर लायनर ड्रमला चिकटून बसतात आणि सकाळी चाक सुटत नाही. म्हणून जाणते लोक सपाट जागी ठोकळे लावून हँडब्रेक सोडून ठेवतात. हे बरोबरच आहे. पण चालू असलेला ब्रेक जाणूनबुजून सोडणं वेगळं आणि मेलेला ब्रेक घेऊन हिंडणं वेगळं.

दापोड्याची जीप दिवाळीनंतर गॅरेजात गेली. मिस्त्रीने ट्रान्स्फर केसचं मागचं सील बदललं, ड्रम धुतला, नवे लायनर बसवले. मी गेलो तेव्हा मालकांनी गोदामाच्या रॅम्पवर गाडी चढवून, हँडब्रेक ओढून, दोन्ही पाय बाहेर काढून दाखवले. पुतण्या बाजूला उभा होता, रॅम्पपासून जरा लांबच. मागच्या बाकाखाली जुना दगड अजून होता. तो काढून साग किंवा बाभळीचे दोन तिरके ठोकळे करून घ्यायचे, असं ठरलं आहे. सुतार अजून आलेला नाही.