पोळ्याचा दोर

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरींना खारं पाणी, म्हणून मोट कधी चाललीच नाही. दोर लागायचा तो बैलांना आणि बंडीला. त्यासाठी आबाजी कपाशीच्या वावरात धुऱ्यालगत अंबाडीची दोन-चार तासं धरत. पावसाळ्यात तिची भाजी, दिवाळीनंतर तिचाच दोर.

कापलेल्या पेंढ्या नाल्यात दगडाखाली पंधरा-वीस दिवस दडपून ठेवायच्या. कुजल्या की असा वास सुटे, की त्या वाटेनं जाणारा माणूस धोतराचा सोगा नाकाला लावी. मग साल सोलायची, आपटून धुवायची, वाळवायची. उरलेल्या पांढऱ्या सनकाड्या आजी चूल पेटवायला उचलून नेई. उन्हाळाभर आबाजी ओट्यावर ढेरा फिरवत बसत, पण ती घरगुती सुतळी. कासरे, दावी, नाडे मातंगवाड्यातून येत. बलुतेदारीत दोर वळणं त्यांच्याकडं होतं. मोबदला खळ्यावरची ज्वारी. ज्याच्या हातचा दोर पोळ्याला आमच्या बैलांच्या अंगावर चढे, त्याला आम्ही ओट्यावर चढू देत नव्हतो. लिहितानाही लाज वाटते.

हा दोर वर्षभरात पावसानं, शेणामुतानं कुजे. म्हणून तर दर पोळ्याला नवा.

1979 च्या पोळ्याला मी अकोल्याहून निळा दोर आणला. गुळगुळीत, हलका, स्वस्त. आम्ही त्याला नायलॉन म्हणत आलो, पण गुरांच्या बाजारात मिळणारा बहुतेक असा दोर पॉलिप्रॉपिलीनचा. नायलॉन अमेरिकेत कॅरोदर्स यांनी 1935 साली घडवलं. पॉलिप्रॉपिलीन इटलीत ज्युलिओ नात्ता यांनी 1954 साली. आबाजींनी दोर हातात धरला, दोनदा ओढला आणि म्हणाले, "हा तुटत नाही वाटते. मंग बैल अडकला तं काय तुटते?"

दोन महिन्यांनी कळलं. रात्री बैलाचा पाय दाव्यात गुंतला. अंबाडीचं दावं असतं तर हिसक्यानं तुटलं असतं. निळा दोर खुराच्या वर मांसात रुतला. पहाटे विळ्यानं कापला तेव्हा बैल थरथरत होता. त्या रब्बीत तो औताला चालला नाही.

शिडाच्या होड्यांवर आता पोलादी तारा काढून डायनीमा नावाच्या कृत्रिम धाग्याचे दोर ताणतात, असं मुंबईचा भाचा सांगतो. पोलाद गंजतं, हा गंजत नाही. वजनाच्या मानानं ताकदही जास्त. तिथं दोर तुटला तर डोलकाठीच कोसळायची, त्यामुळं त्यांचं बरोबरच आहे. दावणीचा हिशेब वेगळा.

आपल्याकडं म्हणतात, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. निळा दोर काडीनं पेटवून पाहिला. पेडही वितळले, पीळही. काळा गोळा तेवढा उरला.

धुऱ्यालगत अंबाडी अजून पेरतो, सुनेला भाजी लागते म्हणून. दिवाळीनंतर तिच्या काड्या जागीच वाळतात.