सिस्टरची वही

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हातातला दिवा आठवतो. वही सहसा कुणाला आठवत नाही. क्रिमियाच्या युद्धात शिपाई जखमांपेक्षा रोगराईने कितीतरी अधिक मेले, हे तिने १८५८ साली रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे मांडले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेने तिला सभासद करून घेतले. तिथली ती पहिलीच स्त्री.

एवढे होऊनही पुढे शंभर वर्षे रीत अशीच राहिली, की नोंदी परिचारिकेने ठेवायच्या आणि त्यांवरून प्रश्न डॉक्टरांनी विचारायचे. अमेरिकेत १९८५ साली सरकारी आरोग्य संशोधन संस्थांमध्ये परिचर्येसाठी स्वतंत्र केंद्र काढण्याचे ठरले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ते विधेयकच नाकारले. काँग्रेसने त्यांचा नकार बाजूला सारला आणि १९८६ मध्ये केंद्र उभे राहिले. १९९३ मध्ये त्याची संस्था झाली.

मानवी जनुकांचा कच्चा नकाशा जाहीर झाला तो २००० सालच्या जूनमध्ये. त्याच उन्हाळ्यात या संस्थेने परिचर्येच्या अध्यापिकांसाठी आणि संशोधकांसाठी जनुकशास्त्राचा वर्ग भरवला. उन्हाळाच का? शिकवणाऱ्याला शिकायला सवड सुट्टीतच मिळते, तिकडेही आणि इकडेही! व्याख्यानांच्या जोडीला प्रयोगशाळेतले कामही होते.

परिचारिकेला जनुके कशाला, असे कुणी म्हणेल. पण स्तनाच्या कर्करोगाची रुग्ण डॉक्टर निघून गेल्यावर हळूच विचारते, “सिस्टर, माझ्या मुलीलाही होईल का हो?”