थिएटर म्हणजे नेमके काय? एकाच शब्दाचे चार अर्थ

‘थिएटर’ म्हटले की बहुतेकांना सिनेमा आठवतो. पण डॉक्टर सांगतात, “पेशंटला थिएटरमध्ये घेतलंय.” एखादा नट म्हणतो, “आधी मी थिएटर करायचो.” आणि संरक्षण खात्याच्या बातमीत ‘थिएटर कमांड’ येते. मग खरा अर्थ कोणता?

मूळ अर्थ
हा शब्द ग्रीक ‘थिएट्रॉन’वरून आला. त्याचा अर्थ ‘पाहण्याची जागा’. म्हणजे मुळात हे नाव प्रेक्षक बसतात त्या जागेचे, रंगमंचाचे नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रातला ‘प्रेक्षागृह’ हा शब्दही हेच सांगतो.

नाटक आणि सिनेमा
नाटकाची इमारत म्हणजे थिएटर आणि नाट्यकला म्हणजेही थिएटर. मराठीत मात्र हे दोन अर्थ वेगळे आहेत: इमारत ते ‘नाट्यगृह’, कला ती ‘रंगभूमी’. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलचित्रे दाखवली गेली. काही दिवसांतच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटर या नाट्यगृहात होऊ लागले. पुढे अनेक नाट्यगृहांत पडदा लागला आणि नावही सिनेमाला चिकटले.

ऑपरेशन थिएटर
इथे प्रेक्षक कुठून आले? पूर्वी शस्त्रक्रिया खरोखरच पाहिली जात असे. मध्यभागी टेबल आणि भोवती चढत्या पायऱ्यांवर दाटीने उभे असलेले विद्यार्थी. लंडनमधले १८२२ सालचे असे एक थिएटर आज संग्रहालय म्हणून जपले आहे. गर्दीतून जंतुसंसर्ग होतो हे कळल्यावर प्रेक्षक बाहेर गेले, नाव तेवढे राहिले.

थिएटर कमांड
युद्ध ज्या विस्तृत प्रदेशात चालते, त्यालाही थिएटर म्हणतात. क्लाउझेविट्झच्या ‘ऑन वॉर’ (१८३२) या ग्रंथात या संज्ञेची व्याख्या आहे. एका प्रदेशातील भूदल, नौदल आणि हवाई दल एकाच सेनाधिकाऱ्याच्या हाताखाली आणणे म्हणजे थिएटर कमांड. मराठीत अशा प्रदेशासाठी ‘युद्धक्षेत्र’ हा शब्द चालतो.

अर्थ कसा ओळखावा?
‘थिएटरला गेलो’ म्हणजे बहुधा सिनेमा, ‘थिएटर करतो’ म्हणजे नाटक, ‘थिएटरमध्ये घेतले’ म्हणजे शस्त्रक्रिया. पुष्कळदा सोबतचे क्रियापदच अर्थ सांगून जाते.